गांबा: तंगडी की कोळंबी?

मोबाइलवर इटालियन शिकतोय, त्यात गांबा म्हणजे पाय हे घोकून पाठ केलं. काल मैत्रिणीने बार्सिलोनाहून कॅटलान मेनूकार्डाचा फोटो पाठवला, त्यात 'गांबेस' वाचून मी तिला म्हटलं अगं कोणाच्या तंगड्या खातेयस, तर ती निघाली कोळंबी! दोन्ही भाषा लॅटिनच्याच पोरी ना, मग पायाची कोळंबी झाली कशी? आणि आपल्या जांघेचं यात काही नातं आहे का?

—

पायाची कोळंबी झालीच नाही हो, हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत, झिजून झिजून सारखे दिसायला लागले एवढंच. इटालियन गांबा ग्रीक 'कांपे' म्हणजे बाक, वळण यावरून. नंतरच्या लॅटिनमध्ये तो घोड्याच्या पायाच्या सांध्याला वापरायचे, मग अख्ख्या पायाला चिकटला. फ्रेंच जांब (पाय) आणि जांबों (हॅम) त्याच घरातले. कॅटलान गांबा मात्र लॅटिन 'काम्मारुस'वरून. आता गंमत बघा, इटालियनमध्ये कोळंबी 'गांबेरो', तो या काम्मारुसचाच, आणि कॅटलानमध्ये पाय 'कामा', तो त्या कांपेचा. म्हणजे दोघींकडे दोन्ही शब्द आहेतच, फक्त भलत्याच जोडीचे सारखे दिसतात. स्पॅनिशने कोळंबीचा गांबा कॅटलानकडूनच उचललाय. जांघ संस्कृत जङ्घापासून, तिला यात ओढू नका.

—

बुद्धिबळातला गॅम्बिट (डावाच्या सुरुवातीला मुद्दाम प्यादं देऊन टाकायची चाल) पण या पायातलाच. इटालियन 'गांबेत्तो' म्हणजे तंगडी घालून पाडणे, आपल्या कुस्तीत टांग मारतात तसं. स्पॅनिश पाद्री आणि बुद्धिबळपटू रुय लोपेझने 1561 च्या पुस्तकात तो बुद्धिबळात आणला. प्यादं फुकट देतात म्हणून 'बलिदान' असा अर्थ सांगतात लोक, मला तंगडीच जास्त पटते. समोरचा प्यादं खायला वाकतो आणि आडवा होतो.

—

काम्मारुसचं पोर्तुगीज पिल्लू 'कामारांव', म्हणजे कोळंबीच. गोव्यात कोळंबी भरलेले रिसॉइस खाल्ले असतील तर त्याचं पूर्ण नाव रिसॉइस द कामारांव. कॅमेरून देशाचं नाव पण यातलंच, पोर्तुगीजांनी तिथल्या नदीला कोळंब्यांची नदी म्हटलं आणि ते नाव पुढे देशाला लागलं.

—

मस्त! अजून एक, इटालियन टीचर मला 'इन गांबा' म्हणाल्या. म्हणजे स्वतःच्या पायावर उभा, असं ना?

—

मी पण आधी तेच धरून चाललो होतो. पण नाही, 'इन गांबा' म्हणजे हुशार, कामाचा माणूस, आपण 'पोरगा तयार आहे' म्हणतो ना तसं. निरोप घेतानाही नुसतं 'इन गांबा!' म्हणतात, म्हणजे बरा राहा, सांभाळ. तेव्हा क्लास सुटताना म्हणाल्या असतील तर फार हुरळून जाऊ नका :)