अनुभव धागा: वहीतली टिंबं, कामाची शिस्त आणि आपलं नाव

ओली_हळद
काल माळा आवरताना आईची ऑर्डरची वही सापडली. लाल पुठ्ठ्याची, लांबडी, किराणा दुकानात उधारीला असते तसली. दिवाळी २००३. डाव्या कडेला नावं, मग चकली, चिवडा, शंकरपाळी, करंजी, अनारसे असे उभे रकाने आणि शेवटच्या रकान्यात नुसती टिंबं. फोन करून ऑर्डर पक्की केली की एक टिंब, डबा भरला की दुसरं, पैसे आले की तिसरं. तिसरं टिंब नसलेलं नाव अख्ख्या पानात एकच होतं. मी तिथेच शिडीपाशी बसले. तेलाच्या डागाशेजारी तिच्या अक्षरात लिहिलेलं: "वही बंद. आता कुणालाही हो म्हणायचं नाही."

ते पान वसुबारसेच्या बारा दिवस आधीचं. दरवर्षी ती अशी वही बंद करायची. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलून. त्या तीन दिवसांत भाजण्या उरकायच्या. तळणाचे दिवस वेगळे, पाकाचे वेगळे. कढई चढली की दिवसभर तळणच, मध्ये कुणी लाडवाचं नाव काढायचं नाही. वही बंद झाल्यावर शेजारच्या काकू एकदा रागावून गेल्या होत्या, दोन घरं सोडून राहणाऱ्या. पुढच्या वर्षी पहिली ऑर्डर त्यांचीच. "तिच्याकडे वेळेत सांगावं लागतं" असं त्याच बाकीच्यांना सांगायच्या. आईने कधी पाटी लावली नाही, तिची जाहिरात ती हीच.

मी सहा वर्षं गोडा मसाला आणि मेतकूट विकते. फोनवर कामांच्या याद्या करायची चार ॲप आहेत, तरी गेल्या आठवड्यात एका ताईंचे दोन किलो राहून गेले. त्यांना नातीच्या बारशाला हवे होते. फोनवर त्या काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तुमचं काम तुम्ही कसं लावता? आणि नाव कशाने झालं? नोकरीवाले, धंदेवाले, सगळेच लिहा. सल्ला नको, घडलेलं लिहा.

बदलापूर_लोकल
वाचूनच आईची आठवण आली. लिहिते रात्री, कुकर उतरवायचाय.

ब्रश_आणि_डबा
आमचे वडील कोल्हापुरात पाट्या रंगवायचे. ट्रक, दुकानं, तालमी, निवडणुकीच्या भिंती. मी आता कॉम्प्युटरवर लोगो करतो, पण परीक्षा त्यांचीच घेतो. पाटी रंगवून झाली की ते रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जायचे आणि तिथून मला ओरडून विचारायचे, "वाच." मी पाटीपाशी उभा असायचो, मला काय, दिसायचंच. मग ते मला पलीकडे न्यायचे. तिथून 'र्य'चा रफार गायब झालेला असायचा, नाहीतर 'द्ध' म्हणजे काळा ठिपका.

आपल्या लिपीत वर मात्रा, वेलांट्या, खाली उकार. नाव मोबाईलच्या त्या छोट्या गोल चित्रात गेलं की सगळं एकमेकांत घुसतं. मागच्या महिन्यात एक ताई आल्या, पापडाचा धंदा. नावात दोन जोडाक्षरं आणि शेजारी सूर्य, गहू, गाय. मी पाकिटाची चिठ्ठी नखाएवढी छापून हातात दिली. बघितली आणि स्वतःच म्हणाल्या, गाय काढा. शेवटी फक्त नाव राहिलं. शिरोरेषा जाड आणि अक्षरांत हवा. आता बाजारात लांबून ओळखू येतं असं परवा सांगून गेल्या. पापड पण आणले होते.

मीठमोहरी
गाय काढा :) पण खरंच, माझ्या लेबलवर पण कलश आहे. आता रात्री झोप लागायची नाही.

ब्रश_आणि_डबा
@मीठमोहरी कलश राहू दे, नाव मोठं करा. फोटो पाठवा, बघून सांगतो.

आमसूल
कुडाळहून. नावाचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका, कुणाचे तरी पैसे वाचतील.

कोकम सरबत, आमसुलं, लोणची. सहा वर्षं एका नावाने विकली, नाव आजीचं. मुंबईच्या प्रदर्शनात खप चांगला झाला म्हणून धीर करून दहा हजार पाकिटं छापली. पाकिटं आली त्याच महिन्यात वकिलाची नोटीस. तेच नाव दुसऱ्या कुणीतरी ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं. दहा हजार पाकिटं पडवीत थप्पी लावून, आणि मी त्यांच्याकडे बघत बसलेली. नवरा म्हणाला जाळू या. मी जाळू दिली नाहीत.

वकीलबाईंनी विचारलं, तुम्ही त्यांच्या आधीपासून वापरताय याचा कागद आहे? कायद्यात आधीपासून सलग वापरणाऱ्याला संरक्षण आहे, पण दाखवायला पुरावा हवा. माझ्याकडे पहिल्या दोन वर्षांची बिलंच नव्हती, सगळा रोखीचा व्यवहार. मग शोधता शोधता जत्रेतल्या स्टॉलची पावती सापडली, नावासकट, तारखेसकट. त्या एका पावतीवर आम्ही समझोत्याला बसलो. शेवटी मी नाव थोडं बदललं आणि त्यांनी जुना माल संपवायला मुदत दिली.

आता नवीन कुणी भेटलं की सांगते. छापखान्यात जायच्या आधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर नाव शोधा, त्याला पैसे पडत नाहीत. आपल्या मालाचा वर्ग बघा: लोणची २९, मसाले ३०, सरबतं ३२. मला हेच माहीत नव्हतं, एका अर्जात सगळं येतं असं वाटायचं. प्रत्येक वर्गाची फी वेगळी. मी एकटी व्यक्ती म्हणून ऑनलाइन भरली तेव्हा एका वर्गाला ४५०० पडली होती. नोंदणी १० वर्षं चालते, मग नूतनीकरण. अर्ज केल्यावर नावापुढे टीएम लावता येतं, पण गोलातला आर नोंदणी होईपर्यंत लावू नका, तो गुन्हा आहे. आणि पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक बिल जपा. माझ्याकडे आता पत्र्याची पेटी आहे त्याला.

ओली_हळद
@आमसूल बाई गं. वाचूनच पोटात गोळा आला. मी आत्ता माझं नाव शोधायला बसते.

साखरपारा
ओली_हळद, एक विचारू का? माझे अनारसे दरवर्षी तुपात हसतात, म्हणजे सुटून विरतात. कधी नीट झालेच नाहीत. आई काय करायची?

ओली_हळद
@साखरपारा पिठात गूळ जास्त झाला की हसतात. थोडी तांदळाची पिठी मिसळून एकच तळून बघा, टिकला तर पुढचे. खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. आई पहिला अनारसा नेहमी एकटा तळायची.

साखरपारा
बघते. धाग्याबद्दल मला काही सांगण्यासारखं नाही, मी घरीच असते.

मीठमोहरी
असं का म्हणता, घर चालवणं म्हणजे सगळ्यात मोठं नियोजन. लिहा की.

शुक्रवारचा_मेल
हिंजवडीत नोकरी, अकरा वर्षं. मीटिंग आणि मीटिंगच्या मधल्या वेळात टाइप करतेय.

तीन वर्षं एक सिस्टीम मी रात्री-बेरात्री सांभाळली. मुलगी तेव्हा दोन वर्षांची. एका मांडीवर ती, दुसऱ्या मांडीवर लॅपटॉप. अप्रेजलला साहेबांनी विचारलं, "या वर्षी तू नक्की काय केलंस?" मला आठवेचना. बंद न पडलेल्या गोष्टी कशा सांगायच्या? खोलीत काही वाटलं नाही, रडू आलं ते पार्किंगमध्ये. बढती दुसऱ्याला मिळाली. तो वाईट नव्हता, पण त्याचं काम सगळ्यांना ठाऊक होतं.

तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी चारला साहेबांना पाच ओळी पाठवते. काय संपलं. त्याने कुणाचं काम सुटलं. काय अडलंय. कुणाकडे अडलंय. सोमवारी काय. विशेषण एक नाही, असतील तर आकडे. एक ओळ अजून पाठ आहे: "रात्रीचं काम साडेचार तास चालायचं, आता ५० मिनिटांत होतं." पुढच्या अप्रेजलला साहेबांनी माझ्याच ओळी मला वाचून दाखवल्या.

'पर्सनल ब्रँडिंग' हा शब्द मला आधी आवडायचा नाही, स्वतःचे ढोल बडवल्यासारखं वाटायचं. आता मत बदललंय. आपण नोंद ठेवली नाही तर ती दुसरं कुणी ठेवत नाही. माझ्या टीममधल्या नवीन मुलींना मी पहिल्याच आठवड्यात हा मेल शिकवते.

बदलापूर_लोकल
@शुक्रवारचा_मेल, पार्किंग वाचून डोळे भरले. केलेलं बोलून दाखवू नये हे आपल्याला घरात शिकवतात आणि ऑफिसात त्याचीच किंमत मोजावी लागते.

माझं राहिलं होतं. सरकारी कार्यालयात आहे. जाऊन-येऊन तीन तासांच्या वर प्रवास. पहिल्या साहेबांनी एक शिकवलं: सकाळी आल्या आल्या आवक टपाल उघडायचं नाही. काल अर्धवट राहिलेली नस्ती, म्हणजे फाइल, आधी पूर्ण करायची. टपाल म्हणजे दुसऱ्यांची घाई, नस्ती म्हणजे आपलं काम, असं म्हणायचे. आता टपालाची जागा ईमेल आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपने घेतली. तरी अकरापर्यंत मी ते उघडत नाही. खरंच तातडीचं असलं की लोक फोन करतात, नाहीतर टेबलापाशी येऊन उभे राहतात. गाडीत बसायला मिळालं तर पाठकोऱ्या कागदावर तीन कामं लिहिते. चौथं लिहीत नाही. घरी येताना तोच कागद बघते, आणि तिन्ही खोडलेली असतील तर त्या दिवशी गाडीत गाणी ऐकते.

भोसरीचा_लेथ
वर्कशॉप आहे, पाच माणसं. मोठ्या कंपन्यांना जॉब करून देतो.

आमचा वेळ जायचा हत्यारं शोधण्यात. व्हर्नियर कुठं, बारा-तेराचा पाना कुठं, कुणी नेला. रोज बोंब. एका कंपनीत बघून आलो आणि भिंतीवर पत्रा ठोकला. पत्रा पिवळा रंगवला आणि प्रत्येक हत्यार त्यावर धरून काळ्या रंगाने बाह्यरेषा मारली. हत्यार जागेवर नसलं की पत्र्यावर त्याची नुसती रेघ दिसते, रिकामी. संध्याकाळी सहाला एक रेघ जरी रिकामी असली तरी शटर ओढत नाही. पहिला आठवडा पोरं कुरकुरली. आता नवीन पोराला जुनीच शिकवतात.

दुसरं पैशाचं. माल वेळेत द्यायचा आणि पैसे चार-चार महिने नाहीत. मागायला लाज वाटायची, काम जाईल म्हणून भीती. मग सीएने सांगितलं उद्यम नोंदणी करा, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, फुकट आहे, आणि नंबर बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल, करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, असा २००६ चा कायदा आहे. शिवाय २०२३-२४ पासून आयकरात तरतूद आली: मुदतीत नाही दिलं तर खरेदी करणाऱ्याला तो खर्च पैसे देईपर्यंत उत्पन्नातून वजा करता येत नाही. बिलावर आता नंबर आणि खाली देय तारीख ठळक. त्यांच्याच अकाउंटचे लोक मार्चमध्ये फोन करतात, साहेब बिलं पाठवा. भांडण नाही, काही नाही.

जमाखर्च
@भोसरीचा_लेथ अगदी बरोबर लिहिलंत. फक्त व्यापाऱ्यांनी हे स्वतःला लावून घेऊ नका, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना ही मुदतीची सवलत नाही. त्यात गल्लत होते.

मी सीएच. आमचा महिना ११ आणि २० तारखेभोवती फिरतो, जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या. पूर्वी १९ च्या रात्री लोक बिलांचे फोटो पाठवायचे, वाकडे, अर्धे कापलेले. मी चिडायचो, रात्र जागायचो. मग ठरवलं: ५ तारखेपर्यंत बिलं देणाऱ्याचं काम आधी आणि त्याला मी स्वतः फोन करून त्याचे आकडे समजावून सांगणार. फोनची पाच मिनिटं, पण लोकांना ती हवी होती. आता बरेचजण ३ तारखेलाच पाठवतात. आज २० आहे, पळतो.

अनुवादाचं_टेबल
घरून अनुवाद करते. आमच्या सोसायटीत पाणी सकाळी दीड तास. त्या दीड तासात कुणाला वाटेल काम होणारच नाही, माझं तेव्हाच सगळ्यात जास्त होतं. २५ मिनिटं बसायचं, पाच मिनिटं उठायचं. उठले की बादली, पिंप, झाडं. ही पद्धत फ्रांचेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना काढली, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून. म्हणून नाव पोमोदोरो, म्हणजे टोमॅटो. माझं घड्याळ सासूबाईंचं आहे, इडली लावायला घ्यायच्या ते. त्या गेल्या दोन वर्षांपूर्वी. टिकटिक चालू झाली की घरात कुणीतरी आहे असं वाटतं.

साखरपारा
@अनुवादाचं_टेबल, तुमच्या घड्याळाचं वाचून गप्प झाले.

मी पण सांगते मग. सासरे अंथरुणाला आहेत. औषधं दिवसातून पाच वेळा. कॅलेंडरच्या चौकटीत दुधाशेजारी औषधाच्या पाच बारीक रेघा मारते, दिली की आडवी काट. डॉक्टरांनी कॅलेंडर बघायला मागितलं होतं, म्हणाले पुढच्या वेळी पण आणा. ओली_हळदच्या आईच्या टिंबांवरून आठवलं.

ओली_हळद
@साखरपारा आणि म्हणे सांगण्यासारखं काही नाही! तुमचा अनुभव मला सगळ्यांत जवळचा वाटला.

वाडीचा_नातू
आजोबा किर्लोस्करवाडीला कारखान्यात होते. वाडी १९१० ची. तिथून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघायला लागलं, तेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक. लोखंडी नांगर करणारी माणसं मासिक काढतात याचं मला लहानपणी नवल वाटायचं. आता स्वतः ठिबकची दुकानदारी करतो तेव्हा उमगतं. मी दर रविवारी शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एकच गोष्ट लिहितो: फिल्टर कसा धुवायचा, नळी कुठे तुंबते. किंमत लिहीत नाही. वर्षभर वाचून मग एखादा माणूस दुकानात येतो, आणि आल्या आल्या म्हणतो, "तुम्हीच ते फिल्टरवाले ना?"

श्टुटगार्टहून
इथे एक शब्द आहे, फायराबेंड. दिवसाचं काम संपल्यावरची वेळ. पहिल्या वर्षी मी रात्री नऊला मेल पाठवायचो, मेहनत दिसावी म्हणून. बाजूच्या टेबलावरच्या बाईंनी प्रेमाने विचारलं, दिवसा काम उरकत नाही का, मदत करू? त्या दिवसापासून साडेपाचला बंद. आईला रोज फोन होतो तेव्हापासून, भारतात ती झोपायच्या आत.

मीठमोहरी
वहीच्या पानाचा फोटो टाका ना ओली_हळद. आणि ते तिसरं टिंब नसलेलं नाव कुणाचं, त्यांनी पैसे दिले का नंतर?

ओली_हळद
नावांमुळे फोटो नाही टाकत. आणि ते नाव आमच्या बाईंचं, माझ्या चौथीच्या. आईने त्यांच्याकडून कधी पैसे घेतलेच नाहीत, तरी दरवर्षी रकाना मात्र आखायची.

काल तसलीच लाल वही आणली. ॲप तीन काढली, एक ठेवलं. दोन किलोवाल्या ताईंना मसाला स्वतः नेऊन दिला, त्यांनी चहा केला.

जमाखर्च
२० तारीख पार पडली. नाशिकला एक किलो गोडा मसाला पाठवाल का? पत्नीने धागा वाचला, तेव्हापासून मागे लागलीय.

ओली_हळद
पाठवते. पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या. वहीत नाव लिहिलंय. संध्याकाळी फोन करते, मग पहिलं टिंब.