ई-माउंटन बाईकची मोटर: न्यूटन-मीटर बघून पैसे मोजावेत का?

चढणवेडा
ई-माउंटन बाईक घेताना बहुतेकजण मोटरच्या टॉर्कचा, म्हणजे पेडल फिरवायला मिळणाऱ्या जोराचा, न्यूटन-मीटरमधला आकडा बघतात आणि तिथेच थांबतात. शिमानो ईपी८०१ ८५ न्यूटन-मीटर, बॉश सीएक्सची पाचवी पिढीही मूळची ८५, डीजेआय अविनॉक्स एम१ १०५ (बूस्टमध्ये, म्हणजे थोड्या वेळाच्या जादा जोरात, १२०), टीक्यू एचपीआर५० फक्त ५०. युरोपीय नियमामुळे या सगळ्यांवर शिक्का मात्र '२५० वॅट'चाच (ती सततची शक्ती, क्षणिक कमाल त्याहून बरीच जास्त), तेव्हा त्यावरून काहीच ठरत नाही.

शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले पेडल फिरण्याचा वेग. ८५ न्यूटन-मीटरवर ६०० वॅट गाठायला मिनिटाला ६७ फेरे लागतात. बॉशच्या हलक्या एसएक्स मोटरची कमाल शक्तीही ६०० वॅट, पण टॉर्क मूळचा ५५, म्हणून तिथे १०४ फेरे हवेत. दगडगोट्यांच्या खड्या चढावर तेवढे पाय कोण फिरवणार? उलट टीक्यूची ३०० वॅटची मर्यादा ५७ फेऱ्यांनाच येते. पुढे कितीही जोर लावा, मोटर आणखी काही देत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ८५ पुरेसे. वरचे पैसे ब्रेक आणि सस्पेन्शनवर घाला. २३-२४ किलोच्या गाडीला चार पिस्टनचे ब्रेक आणि २०० मिलिमीटरच्या डिस्क नसतील तर वर पोचून उपयोग काय?

वाटसरू२९
ब्रेकचं पटलं, '८५ पुरेसे' अजिबात नाही. तुमचाच हिशोब पुढे नेतो. ६० फेऱ्यांना ८५ न्यूटन-मीटर म्हणजे ५३४ वॅट, १२० म्हणजे ७५४. मुळांच्या जाळ्यात किंवा बोळकांडीतल्या वळणावर फेरे ५०च्या खाली येतात, तिथे गाडी थांबते की वर जाते हे टॉर्कच ठरवतो. शिवाय अविनॉक्सचं वजन २.५२ किलो, सीएक्सच्या पाचव्या पिढीचं साधारण २.८. म्हणजे जादा ताकदीसाठी वजनाची किंमतही मोजावी लागत नाही.

आणि ८५ पुरेसे असते तर बॉशने २०२५ मध्ये पाचव्या पिढीला सॉफ्टवेअर अपडेटने १०० न्यूटन-मीटर आणि ७५० वॅट का दिले असते?

चढणवेडा
स्पर्धा आली म्हणून दिले. बॅटरी मात्र अपडेटने मोठी होत नाही. स्वार आणि गाडी मिळून १०५ किलो धरा. १००० मीटर उंची चढायला निव्वळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध २८६ वॅट-अवर लागतात, टायरचं घर्षण वेगळं. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ७५० वॅट देताना ती बॅटरीतून जवळपास ९४० ओढते. ६०० वॅट-अवरची बॅटरी त्या दराने ४० मिनिटंही पुरत नाही. लांब फेरीत बूस्ट बंदच ठेवायचा असेल तर त्याचे पैसे कशाला द्यायचे?

वाटसरू२९
बूस्ट अख्ख्या चढाला लावायचा नसतोच. अवघड टप्प्यापुरता, वीस-तीस सेकंद. तेवढ्यात पाच-आठ वॅट-अवर जातात.

पाना१०
दोघांचाही भर नव्या गाडीवर आहे. वॉरंटी संपल्यावरचा खर्च किमतीत धरा, मग ब्रँड निवडा.

शिमानो मोटरच्या आतले भाग सुटे विकत नाही. बिघडली तर अख्खी बदलायची. ब्रोझच्या एस-मॅग मोटरमध्ये आत दातेरी पट्टा आहे. त्यामुळे ती शांत चालते, पण पट्टा तुटला की चेन, क्रँक (पेडलची दांडी) सगळं ठीक असूनही मोटरची मदत शून्य. आणि ब्रँड कोणताही असो, सगळ्यात जास्त घात करतं पाणी. क्रँकच्या दांड्याजवळच्या सीलवर प्रेशर वॉशर मारला की पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग गंजतं.

जुनी गाडी घेताना आवाज नीट ऐका. उतारावर पाय थांबवल्यावर कटकट येते आणि पेडलवर हलका दाब देताच थांबते? सीएक्सच्या चौथ्या पिढीत आणि शिमानोच्या ईपी८ मध्ये तो आतल्या फ्रीव्हीलच्या (पाय थांबले की मोटर सुटी करणाऱ्या भागाच्या) मोकळिकीचा आवाज असतो, बिघाड नव्हे. जोर लावल्यावरच करकर येत असेल तर आधी मोटर फ्रेमला धरणारे बोल्ट काढून पुसा आणि फ्रेम बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळा. मोटर बंद ठेवून पेडल फिरवतानाही खरखर येत असेल तर बेअरिंग गेलेलं समजा आणि तो खर्च किमतीतून वळता करा.

सीएक्सच्या चौथ्या पिढीचे दोन प्रकार आहेत, जुनी प्रणाली आणि स्मार्ट सिस्टीम. दोन्हींच्या बॅटऱ्या आणि डिस्प्ले एकमेकांना चालत नाहीत. स्वस्तात मिळाली म्हणून जुन्या प्रणालीची गाडी उचलली तर ७५० किंवा ८०० वॅट-अवरची पॉवरट्यूब (फ्रेमच्या आत बसणारी बॉशची बॅटरी) तिला चालणार नाही.

चढणवेडा
हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. त्यात चेनची भर घालतो. १२ गिअरची चेन ०.५ टक्के ताणली की बदला. मोटरच्या जोराखाली गिअर टाकत राहिलात तर कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) तिच्याबरोबर जाते, आणि टॉर्क जितका जास्त तितकी ही झीज लवकर.

वाटसरू२९
झीज मान्य, निवड तीच. फक्त चाचणी सपाट रस्त्यावर घेऊ नका. खडा चढ शोधा, मुद्दाम एक गिअर जड ठेवा आणि फेरे मिनिटाला ५० वर आले की थांबून पुन्हा निघा. ८५ची मोटर तिथे दोनदा निघाली तर ती घ्या, मी वाद घालणार नाही.