‘लेफ्टनंट गव्हर्नर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या १९४६ च्या निवडणुकीवरचा एक लेख मराठीत आणतोय. ‘लेफ्टनंट गव्हर्नर’ हे पद त्यात पानोपानी येतं. दिल्लीच्या बातम्यांत आपण ‘नायब राज्यपाल’ लिहितो, हिंदीवाले ‘उपराज्यपाल’. कोणता शब्द घेऊ?

उत्तर : माझ्या मते दोन्ही नकोत. ‘उपगव्हर्नर’ लिहा.

आधी ‘राज्यपाल’ का नको ते सांगतो. हा शब्द वाचला की आपल्या डोळ्यांसमोर राष्ट्रपतींनी नेमलेली व्यक्ती येते. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांच्या मतांवर निवडून येतो आणि राज्याचा कारभार स्वतः हाकतो, म्हणजे कामाने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. शिवाय ‘गव्हर्नर’ मराठीला परका राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरला कोणी राज्यपाल म्हणत नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपला ‘कर्णधार’. तो आपण क्रिकेटला देऊन टाकलाय, म्हणून इथे उपयोगाचा नाही.

आता ‘नायब’. अर्थाच्या दृष्टीने हा फार नेमका शब्द आहे. ‘लेफ्टनंट’ हा फ्रेंचमधून आलेला जोडशब्द : ‘ल्य’ म्हणजे जागा, ‘तनाँ’ म्हणजे धरणारा. दुसऱ्याची जागा धरून असलेला तो लेफ्टनंट. अरबी ‘नायब’ही तोच, दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा. (‘नबाब’ याच शब्दाच्या अनेकवचनातून आला.) मराठेशाहीतला ‘मुतालिक’ही अर्थाने याच कुळातला. पण रोजच्या मराठीत नायब म्हटलं की नायब तहसीलदार आठवतो : वरून नेमलेला, वरिष्ठाच्या हाताखालचा. जॉर्जियाच्या गोष्टीत नेमका हाच अर्थ घात करतो.

जॉर्जियात हे पद १९४५ च्या नव्या राज्यघटनेने निर्माण झालं आणि १९४६ मध्ये त्यासाठी पहिल्यांदा मतदान झालं. मेल्व्हिन थॉम्प्सन निवडून आले. गव्हर्नरपदी निवडून आलेले यूजीन टॅलमेज विरुद्ध गटाचे, आणि थॉम्प्सन मावळते गव्हर्नर एलिस अर्नाल यांचे सहकारी. म्हणजे हा टॅलमेज यांचा ‘नायब’ नव्हताच, त्याला लोकांनी वेगळं मत देऊन निवडलं होतं. शिवाय उपगव्हर्नर राज्याच्या सिनेटचं अध्यक्षस्थान सांभाळतो, जसे आपले उपराष्ट्रपती राज्यसभेचं सांभाळतात. म्हणून ‘उप’ चपखल बसतं.

पुढे जे झालं ते शब्दांचा नाद असलेल्या माणसाने वाचावंच. २१ डिसेंबर १९४६ रोजी, शपथ घेण्याआधीच, यूजीन टॅलमेज वारले. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून आपण दुसऱ्यासाठी जागा धरतो. पण तो दुसरा गाडीत चढलाच नाही, तर जागा रुमालवाल्याची होते का? वाद हाच होता : उपगव्हर्नर थॉम्प्सन म्हणत, आता जागा आपलीच. घटनेत असंही होतं की कोणाला बहुमत नसेल, तर सर्वाधिक मतं मिळालेल्या दोघा ‘हयात’ व्यक्तींतून विधिमंडळाने गव्हर्नर निवडावा. टॅलमेज गटाने ‘हयात’ शब्द धरून ठेवला. यूजीन यांची तब्येत ढासळलेली असल्याने काही समर्थकांनी मतपत्रिकेवर त्यांचे पुत्र हर्मन यांचं नाव हाताने लिहून ठेवलं होतं. अशी मतं हर्मन यांना ६७५, प्राथमिक निवडणुकीत यूजीन यांच्याकडून हरलेले कारमायकल यांना ६६९ आणि रिपब्लिकन बोवर्स यांना ६३७. आधी हर्मन मागे होते, मग टॅलमेज यांच्याच टेलफेअर काउंटीतून आणखी मतं ‘सापडली’. त्यातल्या काही मतदारांनी चक्क वर्णानुक्रमाने मतदान केल्याचं आणि काही तर मेलेले असल्याचं पुढे एका वार्ताहराने उघड केलं.

१५ जानेवारी १९४७ च्या पहाटे विधिमंडळाने हर्मन यांना निवडलं. अर्नाल हटेनात. हर्मन यांच्या गटाने कार्यालयाची कुलपं बदलली, तेव्हा अर्नाल यांनी विधानभवनातल्या चौकशीच्या टेबलावर आपलं कार्यालय थाटलं. राज्याची मोहर सचिव बेन फोर्टसन यांनी आपल्या चाकांच्या खुर्चीत, गादीखाली लपवली. त्यामुळे कोणाच्याच हुकुमावर शिक्कामोर्तब होईना, आणि इथे हा मराठी शब्द अगदी शब्दशः खरा आहे.

प्रतिप्रश्न : मी गोव्याचा. १९८७ पर्यंत, गोवा केंद्रशासित असताना, आमच्याकडे नायब राज्यपालच होते. मग तो शब्द चुकीचा कसा?

उत्तर : चुकीचा नाहीच. तिथे तो अगदी योग्य होता, कारण ते पद दिल्लीहून नेमलं जायचं. मुंबई इलाख्याला पहिल्यापासून गव्हर्नर होते. लेफ्टनंट गव्हर्नर असायचे ते पंजाब, बंगालकडे. त्यामुळे मराठी मुलखात हा शब्द खऱ्या अर्थाने नांदला तो तुमच्याकडे. तो नेमलेल्या माणसासाठीच राहू द्यावा, म्हणूनच तो जॉर्जियाला देऊ नये असं मला वाटतं.

प्रश्न : आणि ‘ॲक्टिंग गव्हर्नर’? काळजीवाहू चालेल?

उत्तर : नको. काळजीवाहू म्हणजे मुदत संपली तरी दुसरा येईपर्यंत कारभार पाहणारा, तो इथे फार तर अर्नाल यांना लागेल. अर्नाल यांनी थॉम्प्सन यांच्यासाठी पद सोडलं. १९ मार्च १९४७ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की विधिमंडळाला अशी निवड करायचा अधिकार नव्हता. गव्हर्नरपदाचा कारभार रीतसर थॉम्प्सन यांच्याकडे आला. हंगामी न्यायमूर्ती म्हणतो, तसं त्यांना ‘हंगामी गव्हर्नर’ म्हणा. हंगामही बेताचाच ठरला : सप्टेंबर १९४८ मध्ये पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत हर्मन यांनीच त्यांना हरवलं.