फ्युएल पंप बदलायच्या आधी इनर्शिया स्विचचं बटण बघा
जुन्या फोर्ड पिकअपचा सेल्फ मस्त फिरतो पण गाडी स्टार्ट होत नाही, पंपाचा रिले बदलून झाला आणि आता मेकॅनिक पंप बदलायला टाकी उतरवायला सांगतोय? थांबा जरा. ८०-९०च्या दशकातल्या, इलेक्ट्रिक फ्युएल पंप असलेल्या फोर्ड एफ-१५०, रेंजरसारख्या पिकअपमध्ये इनर्शिया स्विच, म्हणजे धक्का बसला की पंप बंद करणारा स्विच असतो, त्यावर तो परत चालू करायचं बटण, बहुतेक वेळा पुढच्या पॅसेंजरच्या पायाजवळ कार्पेटच्या आड. आत लोहचुंबकाने धरलेली स्टीलची गोळी असते, जोरात धक्का बसला की ती सुटून वर उडते, काँटॅक्ट तुटतो, पंप बंद. अपघातात पाइप फुटला तर पेट्रोल उडत राहू नये म्हणून.

पण त्या गोळीला अपघात काय नि सायन-पनवेलचा खड्डा काय, सारखंच! माझ्या ह्यूस्टनच्या चुलतभावाच्या गाडीत तर सामान टाकताना खोका आपटला तेवढ्याने स्विच उडाला, मी इथून डोंबिवली लोकलमधून फोनवर बटण दाबायला लावलं.

आधी गाडीखाली गळती, वास बघा, मगच बटण दाबा. चावी ऑन केली की एक-दोन सेकंद पंपाची घरघर ऐकू आली पाहिजे. परत परत उडत असेल तर स्विच बदला, वायर जोडून बायपास अजिबात करू नका, कोणी कितीही जुगाड सांगू दे.

आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल पिकअपमध्ये मात्र हे शोधू नका, तिथे स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे इंजिनाचं डिझेल बंद-चालू करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह बघायचा.