मदत हवी आहे: ८०३१ च्या जुन्या कार्डाचा सी प्रोग्राम आता कशावर कंपाइल करू?

कॉईलवाला
नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगचं छोटं युनिट आहे. दोन वाइंडिंग मशीन नव्वदच्या दशकातल्या आहेत, मेकॅनिकली अजून ठणठणीत. कंट्रोल कार्ड असं: ८०३१ (८०५१ घराण्यातला मायक्रोकंट्रोलर), ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, ७४एलएस३७३ लॅच, प्रोग्रामला २७सी६४ ईप्रॉम, जॉब साठवायला बॅटरीवरची ६२६४ रॅम, चार आकडी सेव्हन सेगमेंट डिस्प्ले. शाफ्टवर प्रॉक्सिमिटी सेन्सर, एका टर्नला एक पल्स.

कार्ड बनवणारे गृहस्थ केव्हाच परदेशी गेले. जाताना त्यांनी वडिलांकडे फ्लॉपी ठेवल्या होत्या, त्यात सी मधला सोर्स आहे.

कामं दोन. आत्ता शेवटचे २० टर्न राहिले की मोटर हळू होते. जुना डीसी ड्राईव्ह काढून व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा एसी ड्राईव्ह) बसवल्यापासून मोटर लवकर थांबत नाही, म्हणून २० च्या जागी ५० हवेत. दुसरं म्हणजे प्रत्येक लेयर झाला की मशीन आपोआप थांबावी, मुलगा पेपर घालेल, पेडल दाबेल, पुढे चालू. हे मूळ प्रोग्राममध्ये नाही.

सोर्स कुठल्या कंपायलरचा आहे ते कसं ओळखायचं? तो आज मिळेल का? नसेल तर फुकटातला कुठला चालेल? मला सी येतं, पण कॉलेजमध्ये टर्बो सी वर शिकलो तेवढंच.

सदाशिवपेठी
कार्ड फेका, पीएलसी (तयार औद्योगिक कंट्रोलर) लावा. दोन दिवसांचं काम.

कॉईलवाला
दोन मशीनना पीएलसी, डिस्प्ले, पॅनेल, वायरिंग असा कोट आला होता. त्या पैशात तिसरी सेकंडहँड मशीन येते हो.

सदाशिवपेठी
मग असू द्या.

आठशेएक्कावन्न
फ्लॉपी ड्राईव्हमध्ये घातली नसेल तर थांबा. शटर सरकवून चकतीवर पांढरे ठिपके आहेत का बघा. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या फ्लॉपीला बुरशी हमखास लागते आणि तशीच फिरवली की हेड चकती खरवडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, वाळू द्या, आणि फाईली कॉपी करत बसण्याऐवजी आधी पूर्ण फ्लॉपीची इमेज काढा.

पण त्याच्याही आधी ईप्रॉम. मशीनमध्ये जी चालते तीच खरी प्रत, फ्लॉपीवरची कुठल्या साली कुणी थांबवली कोण जाणे. चिप काढून यूएसबी प्रोग्रामरवर वाचा, पुन्हा वाचा, दोन्ही फाईली जुळतात का बघा. दुसऱ्या मशीनचीही वाचा. काचेवरचं स्टिकर काढू नका.

कंपायलर ओळखायला डंपमध्ये (चिपमधून वाचलेल्या फाईलमध्ये) हे बाइट शोधा: ७८ ७एफ ई४ एफ६ डी८ एफडी ७५ ८१. सापडले तर जवळपास नक्की काईल कंपनीचा सी५१ कंपायलर. मेन सुरू होण्याआधी आतली १२८ बाइट रॅम शून्य करून स्टॅक लावणारा त्यांचा स्टार्टअप कोड आहे तो. सोर्समध्ये इंटरप्टच्या (पल्स किंवा टायमर आला की आपोआप चालणाऱ्या) फंक्शनपुढे 'यूझिंग १' असं दिसलं तर ती पण तीच बोली.

मृण्मयी
आणि फ्लॉपीवर बॅच फाईल आहे का? जुनी माणसं कंपाइलची कमांड बॅच फाईलमध्येच ठेवायची. त्यात कंपायलरचं नाव आणि मेमरी मॉडेल (व्हेरिएबल कुठल्या रॅममध्ये ठेवायची ते) दोन्ही मिळतं.

कॉईलवाला
बाइट सापडले! पत्ता ० वरच्या जंपने गेलो, तिथेच आहेत. बॅच फाईलही आहे: सी५१, मग एल५१ (त्यांचा लिंकर), मॉडेल लार्ज. दोन्ही मशीनचे डंप सारखे आहेत. प्रोग्राम साधारण साडेपाच के.

मग काईल डाउनलोड करू का?

मृण्मयी
काईलचा सी५१ आजही विकत मिळतो. १९८८ पासूनचा आहे, २००५ मध्ये कंपनी आर्मने घेतली. फुकटची आवृत्ती २ के कोडपर्यंतच लिंक करते, तुमचा साडेपाच के. परवान्याची किंमत दोन जुन्या मशीनसाठी परवडणार नाही. शिवाय आजच्या आवृत्तीतून जुनीच हेक्स (चिपमध्ये भरायची फाईल) बाहेर पडेल असंही नाही, मधल्या काळात ऑप्टिमायझर बदललाय. तंतोतंत तीच हेक्स हवी तर तीच डॉस आवृत्ती लागेल, आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्राम चालत नाहीत, म्हणजे डॉसबॉक्स (डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) आलं. फुकटातला हवा तर एसडीसीसी, हा खुला सी कंपायलर ८०५१ घराण्याला चालतो, पण सोर्समध्ये थोडे बदल करावे लागतील.

तापकीरगल्ली
डॉसवाला सेट माझ्याकडे पेनड्राईव्हवर आहे, व्यनि करा.

मृण्मयी
परवाना कुणाचा आहे ते आधी बघा. त्यांचं युनिट आहे, छंद नाही.

आठशेएक्कावन्न
पहिल्या कामाला कंपायलर लागतच नाही! २० चे ५० करायचेत, एक बाइट बदलायचा.

उरलेले टर्न दोन बाइटच्या आकड्यात आहेत. त्याची २० शी तुलना म्हणजे ८०५१ मध्ये वजाबाकी, सूचनेचा कोड ९४, पुढे आकडा. वीस म्हणजे हेक्समध्ये १४. डंपमध्ये ९४ १४ शोधा, थोड्याच बाइटनंतर ९४ ०० हवं, ती वरच्या बाइटची वजाबाकी. नाही सापडलं तर ९४ १५ बघा, कारण 'विसाहून जास्त' ही अट कंपायलर कधीकधी 'एकविसाहून कमी नाही' अशी लिहितो. १४ असेल तर ३२ करा, १५ असेल तर ३३. एकाहून जास्त ठिकाणी सापडलं तर डिसअसेम्बल करून आजूबाजूचा कोड सोर्सशी ताडून बघा, अंदाजाने बदलू नका. चालू होताना प्रोग्राम स्वतःच्या रॉमचा चेकसम (सगळ्या बाइटची बेरीज) तपासत असेल तर तोही बदलावा लागेल, ते सोर्समध्ये दिसेल.

आहे त्याच चिपवर हा बदल लिहिता येणार नाही. ईप्रॉममध्ये १ चा ० करता येतो, ० चा १ करायला पूर्ण चिप अल्ट्राव्हायोलेटखाली पुसावी लागते, आणि १४ चं ३२ करताना काही बिट शून्याचे एक होतात. मूळ चिप तशीच डबीत ठेवा, नवी बर्न करा.

तापकीरगल्ली
२७सी६४ बुधवार पेठेत मिळते, पण बरीचशी जुन्या कार्डांतून काढलेली असते. दुकानातच ब्लँक चेक करून घ्या. नुसती २७६४ देत असतील तर घेऊ नका, तिला बर्न करायला २१ व्होल्ट लागतात आणि बरेच स्वस्त प्रोग्रामर तेवढं देत नाहीत. त्यापेक्षा २८सी६४ घ्या. पिना त्याच, इलेक्ट्रिकली पुसली जाते, यूव्ही दिव्याची भानगड नाही. सॉकेटची २७ नंबरची पिन पाच व्होल्टला आहे ना तेवढं मीटरने बघा, कारण २८सी६४ ला ती राइटची पिन आहे. तरंगत असेल तर चिप एखाद दिवशी स्वतःच स्वतःवर लिहील.

अभियांत्रिकी_पहिलं_वर्ष
थोडं अवांतर. माझ्याकडे काकांचं ८०८५ या जुन्या प्रोसेसरचं ट्रेनर किट आहे. त्यावर सी चालेल का?

मृण्मयी
चालेल, झेड८८डीके हा कंपायलर संच बघ. एसडीसीसीमध्ये झेड८० आहे, ८०८५ नाही. झेड८८डीकेच्या कंपायलरचं मूळ रॉन केनच्या स्मॉल-सी मध्ये आहे. मे १९८० च्या डॉ. डॉब्ज जर्नलमध्ये तो अख्खा सोर्ससकट छापला होता आणि मूळचा ८०८० साठीच होता, म्हणजे तुझ्या किटच्या घरचाच. त्याच सुमाराचा लिओर झोलमनचा बीडीएस सी पण सोर्ससकट खुला झालाय, पण त्याला सीपी/एम ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम लागते. एक लक्षात ठेव: ८०८० घराण्यात इंडेक्स रजिस्टर नाही, त्यामुळे स्टॅकवरच्या प्रत्येक लोकल व्हेरिएबलसाठी पत्त्याची बेरीज करावी लागते आणि कोड फुगतो. ८०८५ वर जमेल तिथे स्टॅटिक वापर. आणि पुढचं विचारायला नवा धागा काढ.

कॉईलवाला
९४ १४ एकाच ठिकाणी सापडलं, आजूबाजूचा कोड सोर्सशी जुळला, चेकसम नाही. २८सी६४ बर्न करून एका मशीनवर लावली, शेवटचे ५० टर्न हळू होतात. आठशेएक्कावन्न, चहा माझ्याकडून.

आता लेयर थांबा. सोर्स एसडीसीसीवर नेतोय. काय काय बदलावं लागेल?

आठशेएक्कावन्न
बोलीतला फरक किरकोळ आहे: एक्सडेटा, कोड, इंटरप्ट या शब्दांआधी दोन अंडरस्कोर, एसबिट लिहायची पद्धत वेगळी. तिथे कंपायलर ओरडतो, तुम्ही दुरुस्त करता. जिथे तो ओरडत नाही ते सांगतो.

काईल सी५१ दोन बाइटच्या आकड्याचा वरचा बाइट आधी ठेवतो, एसडीसीसी खालचा. बॅटरीवरच्या रॅममध्ये जुन्या प्रोग्रामने ठेवलेला १२०० टर्नचा जॉब नवा प्रोग्राम ४५०६० वाचेल, आणि चार आकडी डिस्प्लेवर तुम्हाला ५०६० दिसेल. म्हणून चिप बदलण्याआधी सगळे जॉब वहीत उतरवा, नंतर पुन्हा भरा. सोर्समध्ये युनियन वापरून आकड्याचे बाइट वेगळे केले असतील तर तिथे ० आणि १ ची अदलाबदल करा. जॉबची व्हेरिएबल एसडीसीसीत नेमक्या पत्त्यावर बांधा, नाहीतर त्याचा स्टार्टअप कोड दर वेळी ती पुसेल.

रिकाम्या फॉर लूपने केलेले डिले मोजून घ्या. एक मशीन सायकल १.०८५ मायक्रोसेकंदाची, पण लूपच्या एका फेरीला किती सायकल लागतात ते कंपायलर ठरवतो. ब्रेकच्या रिलेचा डिले तर टायमरवरच घ्या.

आणि सोर्समधलं वायरच्या गेजचं (जाडीच्या नंबराचं) टेबल डंपमधल्या टेबलाशी बाइटनिशी ताडा. फ्लॉपी जुनी निघायची शक्यता बरीच आहे.

कॉईलवाला
निघालीच. ३६ गेजची नोंद वेगळी आहे. ईप्रॉममध्ये पिच (दोन वेढ्यांमधलं अंतर) थोडा जास्त आहे. वडील म्हणाले, ३६ ची वायर चढत होती म्हणून ते गृहस्थ येऊन चिप बदलून गेले होते. ईप्रॉममधला आकडा सोर्समध्ये घेतला.

एसडीसीसीवर एरर न येता कंपाइल झालं. कार्ड घरी टेबलावर लावलंय. डिस्प्ले येतो, कीपॅड चालतं, पण सेन्सरसमोर स्क्रू ड्रायव्हर कितीही फिरवला तरी काउंट शून्यच. जुनी चिप लावली की लगेच मोजतो, म्हणजे सेन्सर ठीक आहे. डिस्प्लेचा टायमर इंटरप्ट मेनच्याच फाईलमध्ये आहे, काउंटचा वेगळ्या फाईलमध्ये.

मृण्मयी
शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. एसडीसीसी इंटरप्टचं व्हेक्टर टेबल (कुठला इंटरप्ट आला की कुठे जायचं त्याची यादी) मेन असलेल्या फाईलमध्ये बनवतो आणि त्या फाईलला जी इंटरप्ट फंक्शन माहीत आहेत तेवढीच त्यात घालतो. काउंटचं त्याला दिसत नाही, म्हणून त्या जागी नुसती परतीची सूचना टाकलीय. पल्स येतो, प्रोसेसर जातो, तसाच परत येतो. कार्ड हँगही होत नाही, म्हणून कळत नाही. काउंटच्या फंक्शनचा प्रोटोटाइप, इंटरप्ट नंबरसकट, हेडरमध्ये घाला आणि तो हेडर मेनच्या फाईलमध्ये घ्या.

कॉईलवाला
मोजायला लागला! लेयरलाही थांबतो, पेडलवर पुढे जातो. आज गुरुवार, भोसरी बंद. उद्या मशीनवर ३६ गेजचा बॉबिन भरून बघतो आणि बदललेला सोर्स इथेच टाकतो.

सदाशिवपेठी
पीएलसीत हे सगळं दोन ओळींत झालं असतं. सोर्स मात्र टाका, आमच्याकडेही तसलंच एक कार्ड आहे.