घाटातल्या पावसात टचस्क्रीनवरचा एसी कसा हाताळता? गाडी निवडण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

कोथरूडमध्ये राहणाऱ्या आमच्या कुटुंबासाठी दसऱ्यापर्यंत नवी गाडी घ्यायची आहे. ऑन-रोड पंधरा लाखांच्या आत, ऑटोमॅटिक गिअर आणि सहा एअरबॅग, इतके ठरले आहे. अडले आहे ते डॅशबोर्डपाशी. पाहिलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये, विशेषतः वरच्या व्हेरिएंटमध्ये, एसीची बटणे जाऊन त्यांच्या जागी गुळगुळीत काळी टचपट्टी आली आहे किंवा सगळे मधल्या मोठ्या स्क्रीनमध्ये गेले आहे. अशी गाडी ज्यांनी निदान एक पावसाळा घाटात चालवली आहे, त्यांचे अनुभव मला हवे आहेत.

घाटाबद्दलच का विचारतो आहे, ते सांगतो. पत्नीचे माहेर महाडला असल्यामुळे भर पावसाळ्यातही आमचे ताम्हिणीतून जाणे-येणे असते आणि बरेचदा गाडी तीच चालवते. त्या पावसात समोरची काच दोन प्रकारे धूसर होते. ओल्या कपड्यांची माणसे गाडीत बसली की आतल्या हवेतले बाष्प गार काचेवर आतून जमते. तेव्हा एसी चालू ठेवून, बाहेरची हवा आत घेऊन, झोत काचेकडे वळवावा लागतो. याउलट फार गार झोत काचेवर बराच वेळ सोडला, तर थंड पडलेल्या काचेवर बाहेरच्या दमट हवेतले बाष्प बाहेरून धरते; तेव्हा वायपर फिरवून थंडावा कमी करावा लागतो. पौड सोडल्यापासून निजामपूर येईपर्यंत हे दोन्ही प्रकार आलटून पालटून घडतात, आणि दर वेळी तापमान, झोताची दिशा आणि आतली-बाहेरची हवा यांत फेरफार करावा लागतो. आमच्या जुन्या गाडीत त्यासाठी तीन गोल नॉब आणि एक सरकता खटका आहे. पेटी वाजवणाऱ्याला पट्टी शोधण्यासाठी खाली पाहावे लागत नाही, तसा पत्नीचा हात रस्त्यावरची नजर न हलवता नेमका तिथे जातो.

सपाट काचेवर बोटाला काहीच जाणवत नाही, त्यामुळे बोट कुठे टेकले आहे हे डोळ्यांनीच पाहावे लागते. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. धुक्यात इतके अंतर मला फार वाटते. शिवाय आम्हा दोघांनाही चाळिशी लागली आहे, त्यामुळे रस्त्यावरून जवळच्या स्क्रीनवर आणि तिथून पुन्हा रस्त्यावर नजर स्थिरावायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ लागतो.

ही भीती केवळ वयामुळे वाटते का, हे पाहण्यासाठी थोडे वाचन केले. स्वीडनमधील ‘वी बीलेगारे’ या वाहनविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये बंद धावपट्टीवर एक चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवत असताना तापमान वाढवणे, रेडिओचे स्टेशन लावणे यांसारखी ठरावीक कामे चालकांना करायची होती, आणि त्याआधी गाडीची ओळख करून घ्यायला त्यांना वेळही दिला होता. बटणे असलेल्या २००५ सालच्या व्होल्वोमध्ये ती कामे १० सेकंदांत, म्हणजे सुमारे ३०६ मीटरमध्ये झाली. सर्वांत मागे राहिलेल्या नव्या गाडीला ४४.६ सेकंद लागले आणि तेवढ्यात ती १,३७२ मीटर पुढे गेली होती. फोक्सवॅगनच्या डिझाइन प्रमुखांनीही २०२५ मध्ये आवाज, तापमान, पंखा आणि धोक्याचे दिवे यांसाठी खरी बटणे परत आणण्याचे जाहीर केले. गाड्यांची सुरक्षितता तपासून त्यांना गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातील संस्थेने तर २०२६ च्या नियमांत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीची हाक या पाच गोष्टींना स्वतंत्र बटण किंवा दांडी नसेल, तर गुण कमी करण्याचे ठरवले आहे. पाऊल योग्यच आहे, परंतु काचेवरचे बाष्प घालवण्याची सोय या पाचांत नाही, आणि सह्याद्रीतल्या पावसात ती वायपरइतकीच महत्त्वाची आहे, असे माझे ठाम मत आहे.

स्क्रीनला माझा सरसकट विरोध नाही. नकाशा आणि मागचा कॅमेरा यांसाठी मोठी स्क्रीन उपयोगी आहे. सदाशिव पेठेत गाडी लावताना तिचे महत्त्व कळते. माझे मेहुणे चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात आहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक खटक्याला वेगळा साचा, वेगळी वायर आणि वेगळी तपासणी लागते, तर एकाच स्क्रीनमध्ये अनेक कामे बसवता येतात आणि पुढे सॉफ्टवेअरने बदलताही येतात. कंपन्यांचा हिशोब मला समजतो, पण त्या बचतीची किंमत चालकाने आपल्या नजरेने चुकवावी, हे पटत नाही.

खरा पेच व्हेरिएंटचा आहे. काही मॉडेलांत खालच्या व्हेरिएंटला एसीचे साधे नॉब मिळतात, परंतु ऑटोमॅटिक गिअर किंवा चालकाला साहाय्य करणारी सुरक्षा यंत्रणा हवी असेल, तर वरचे व्हेरिएंट घ्यावे लागते आणि त्याबरोबर टचपट्टी येतेच. सुरक्षिततेसाठी जास्त पैसे मोजून रोजच्या वापरातली सुरक्षितता कमी होते की काय, अशी शंका येते.

म्हणून जाणकारांना विचारतो: ओल्या किंवा घामेजल्या बोटांनी ही टचपट्टी नीट चालते का? तापमान ‘ऑटो’वर ठेवले तर ताम्हिणीत किंवा वरंध घाटात काच आपोआप स्वच्छ राहते, की मध्ये हात घालावाच लागतो? मराठी उच्चारांतल्या आज्ञा पावसाच्या आवाजात गाडीला समजतात का? शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये बाणेर रस्त्यावर एक फेरी मारून यातले काही कळत नाही, तेव्हा तिथे नेमके काय तपासून पाहावे? आणि आमच्या अंदाजात बसणारी, ऑटोमॅटिक असूनही एसीचे खरे नॉब ठेवणारी गाडी सध्या कोणी वापरत असल्यास कृपया मॉडेल आणि व्हेरिएंट दोन्ही कळवावे.