मदत हवी आहे : रॅग्नारॉकच्या घरगुती सर्व्हरला बाहेरचा मित्र जोडला जात नाही

मंडळी, २००२ सालच्या रॅग्नारॉक ऑनलाइन या गेमचा आर-अथीना (स्वतःचा सर्व्हर चालवायचं मोफत सॉफ्टवेअर) सर्व्हर (प्री-रिन्यूअल, म्हणजे गेमची जुनी पद्धत) कोथरूडला घरच्या पीसीवर, उबुंटूत चालवतोय. पैशाचा मामला नाही, आम्ही मित्रमित्रच खेळतो.

घरच्या वायफायवर सगळं सुरळीत. हिंजवडीचा मित्र मात्र अडकतो : लॉगिन होतं, सर्व्हरचं नाव दिसतं, त्यावर क्लिक केलं की कनेक्शन तुटतं, कॅरेक्टरची यादी येतच नाही. म्हणजे ६९०० (लॉगिनच्या) पोर्टपर्यंत पोचतो आणि ६१२१ ला (कॅरेक्टरच्या पोर्टला) लटकतो. क्लायंटची (खेळणाऱ्याच्या पीसीवरच्या गेमची) तारीख आणि सर्व्हरचा पॅकेटव्हर (पॅकेटची आवृत्ती) जुळतात, नाहीतर घरातही चाललं नसतं.

केबलवाला पब्लिक आयपी देत नाही (‘बघतो साहेब’ चालूच आहे), त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग बाद. म्हणून दोघांकडे टेलस्केल (दूरचे पीसी एका खासगी नेटवर्कात जोडणारं व्हीपीएन) टाकलं. पिंग जातो, फायरवॉलमध्ये ५१२१ (मॅपचा) सकट तिन्ही पोर्ट उघडे आहेत. कॅर-आयपी, मॅप-आयपी (सर्व्हर क्लायंटला पुढे जोडायला जे पत्ते सांगतो ते) दोन्हीत घरचा १९२.१६८ वाला पत्ता आहे. तिथे टेलस्केलचा टाकला की मित्र आत आणि घरच्या वायफायवरचा धाकटा भाऊ बाहेर! त्याचा पीसी विंडोज ७ चा, नवं टेलस्केल त्यावर चालत नाही. भाड्याचा सर्व्हर नकोय.

सबनेट-अथीनाच्या फाइलमध्ये (कुठल्या नेटवर्कवरून आलेल्याला कुठला पत्ता सांगायचा ते यात लिहितात) घरच्या पत्त्यांसाठी एक आणि टेलस्केलच्या १०० वाल्या पत्त्यांसाठी एक, अशा दोन ओळी एकदम चालतात का? आणि दुसरीत मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) २५५.१९२.०.० च द्यायचा ना?